पट्टा किती घट्ट असावा?



थंडीच्या दिवसांत सकाळी एखादी जुनी मोटार सुरू होते तेव्हा बॉनेटखालून 'चीऽऽ' असा कर्कश आवाज येतो आणि थोड्या वेळाने आपोआप थांबतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो ऐकला असेल. हा आवाज इंजिनच्या एका बाजूस फिरणाऱ्या रबरी पट्ट्याचा असतो. त्यावर दोन उपाय सर्रास केले जातात. पहिला म्हणजे पट्ट्याला साबणाची वडी किंवा मेण घासायचे. दुसरा म्हणजे पट्टा होईल तेवढा आवळून टाकायचा. दोन्ही उपायांनी आवाज बंद होतो आणि गाडीचा मालक समाधानाने घरी जातो.

माझ्या मते हे दोन्ही उपाय चुकीचे आहेत आणि ते का चुकीचे आहेत, हे शाळेतील विज्ञानाच्या आधारे समजू शकते. पट्टा किती घट्ट असावा, या प्रश्नाला नेमके उत्तर आहे आणि ते मोजून काढता येते. मोजता येण्याजोगी गोष्ट अंदाजावर सोडून देण्याची आपल्याला सवय लागली आहे. तिची किंमत आपण झिजलेल्या बेअरिंगांच्या आणि भर रस्त्यात बंद पडलेल्या गाड्यांच्या रूपाने मोजत असतो. म्हणून आज या साध्या पट्ट्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहे.

पट्ट्याचे काम

इंजिनमध्ये इंधन जळते, दट्ट्ये वरखाली होतात आणि क्रँकशाफ्ट नावाचा मुख्य दांडा फिरतो. त्याच्या एका टोकाकडून चाकांना शक्ती मिळते. दुसऱ्या टोकावर एक पुली, म्हणजे तुमच्या पुस्तकातील कप्पी, बसवलेली असते. या पुलीवरून गेलेला पट्टा इंजिनच्या सोबतची यंत्रे फिरवतो. बॅटरी भारित करणारा अल्टरनेटर, इंजिनभोवती पाणी खेळवणारा पंप, सुकाणू हलके करणारा पंप, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर अशी ही यंत्रे असतात. जुन्या गाड्यांत रेडिएटरमागचा पंखाही तोच फिरवीत असे, म्हणून गॅरेजमध्ये त्याला अजूनही 'फॅन बेल्ट' म्हणतात. १९८३ साली रस्त्यावर आलेल्या आणि २०१४ पर्यंत तयार होत राहिलेल्या मारुती ८०० या गाडीत पंखा विजेवर चाले. पण अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप मात्र पट्ट्यावरच फिरत. (इंजिनच्या झडपा वेळेवर उघडणारा दातेरी 'टायमिंग बेल्ट' काही गाड्यांत असतो. तो वेगळा. आपण त्याच्याविषयी बोलत नाही.)

अशा गाडीतील पट्टा तुटला तर प्रथम चालकासमोरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो. पाणी खेळायचे थांबते आणि तापमानाचा काटा चढू लागतो. चालकाने तरीही गाडी तशीच दामटली तर इंजिनचे डोके तापून वाकते आणि दुरुस्तीचा खर्च पट्ट्याच्या किमतीच्या कित्येक पट होतो.

घर्षण मित्र कधी होते?

शाळेत आपण घर्षणाविषयी शिकतो ते बहुधा तक्रारीच्या सुरात. घर्षणाने झीज होते, उष्णता वाया जाते, म्हणून तेल घाला, असे आपल्याला सांगितले जाते. पट्ट्याच्या बाबतीत मात्र घर्षण हाच कामकरी आहे. पट्टा आणि पुली यांना दाते नाहीत, खिळे नाहीत. पकड आहे ती केवळ घर्षणाची.

ही पकड किती असते, हे घरी पाहता येईल. एक लाटणे दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवे ठेवून ते फिरणार नाही असे घट्ट बांधा. त्यावरून एक दोरी टाका. दोरीच्या एका टोकाला १०० ग्रॅमचे वजन बांधा आणि दुसरे टोक शाळेतील ताणकाट्याने हळूहळू खाली ओढा. वजन वर सरकू लागेल तेव्हाचे वाचन लिहून ठेवा. आता दोरीचा आणखी एक पूर्ण वेढा लाटण्याला द्या आणि पुन्हा वाचन घ्या. घर्षण गुणांक ०.३ असेल तर अर्ध्या वेढ्यात तुम्हाला सुमारे २६० ग्रॅमइतका जोर लावावा लागेल. दीड वेढ्यात तोच जवळजवळ १७०० ग्रॅम होईल! वेढे वाढवले की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. आपल्या कोकणातील बंदरांवर एकटा खलाशी खुंटाभोवती दोराचे दोन-तीन वेढे टाकून भली मोठी होडी रोखून धरतो, त्याचे रहस्य हेच आहे. या नियमाच्या सूत्राला स्विस गणिती लिओनार्ड ऑयलर (१७०७ ते १७८३) याचे नाव दिलेले आहे.

पण पट्टा पुलीभोवती अर्ध्या वेढ्याहून फारसा अधिक बसवता येत नाही. लहान पुलीवर तर तो अर्ध्याहूनही कमी बसतो. मग पकड वाढवायची कशी? अमेरिकेतील डेन्व्हर येथे जॉन गेट्स यांनी १९१७ मध्ये रबर आणि दोरा यांचा, छेद घेतला तर खाली निमुळता दिसेल असा पट्टा तयार केला. यालाच व्ही-पट्टा म्हणतात. पाचर जशी लाकडात रुतते तसा हा पट्टा पुलीच्या खाचेत रुततो आणि खाचेच्या दोन्ही बाजूंवर दाबला जातो. खाचेचा कोन ३८ अंश धरला तर घर्षण गुणांक जणू तिप्पट होतो. अर्ध्या वेढ्यात सपाट पट्ट्याच्या दोन बाजूंच्या ताणांचे गुणोत्तर सुमारे २.६ पर्यंत जाऊ शकत होते. व्ही-पट्ट्यात ते १८ पर्यंत जाते.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या शोधाचा मोठा फायदा असा की पट्टा कमी आवळूनही तेच काम होऊ लागले. आणि आपण काय करतो? तोच पट्टा अधिकाधिक आवळतो!

सैल पट्टा का किंचाळतो?

थोडा हिशेब करू. अल्टरनेटर १४ व्होल्टला ५० अँपिअर प्रवाह देत असेल तर त्याची विद्युत शक्ती ७०० वॉट झाली. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पट्ट्याने त्याला सुमारे १२०० वॉट पुरवले पाहिजेत. म्हणजे घरच्या इस्त्रीपेक्षाही जास्त. गाडी रस्त्यावर वेगात असताना पट्टा सेकंदाला २० मीटर वेगाने धावतो असे समजा. शक्तीला वेगाने भागले की लागणारी ओढ मिळते, ती ६० न्यूटन. हे झाले साधारण सहा किलोग्रॅम वजनाइतके. आता इंजिन नुसतेच मंद चालू आहे आणि पट्ट्याचा वेग सेकंदाला ५ मीटरच आहे. तेवढीच शक्ती घ्यायची झाली तर ओढ २४० न्यूटन, म्हणजे चौपट लागेल.

सकाळच्या किंचाळीचे कोडे येथे सुटते. रात्रभर थंड पडलेली गाडी सुरू करताना बॅटरी बरीच खर्च होते. इंजिन सुरू होताच अल्टरनेटर ती भरून काढू लागतो. पण वेग अजून कमीच असतो. मंद वेगात मोठी ओढ सैल पट्ट्याला झेपत नाही आणि तो पुलीवर घसरतो. बॅटरी भरत आली की ओढ कमी होते आणि आवाज थांबतो. आवाज थांबला म्हणून दोष गेला, असे मात्र समजू नका. घसरण्याने पट्टा तापतो, त्याच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि पकड आणखी कमी होते. त्यावर साबण घासणे म्हणजे ताप आलेल्या माणसाचा तापमापक लपवून ठेवण्यासारखे आहे.

घट्ट पट्ट्याचे नुकसान दिसत नाही

सैल पट्टा निदान ओरडून सांगतो. फाजील घट्ट पट्टा गप्प बसून नुकसान करतो, म्हणून मला तो अधिक धोक्याचा वाटतो. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंचा ताण मिळून पुलीच्या दांड्याला एका अंगाला खेचत असतो. हा सगळा भार अल्टरनेटरच्या आणि पाणीपंपाच्या बेअरिंगवर येतो. छर्‍यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा यंत्रशास्त्रातील प्रसिद्ध नियम आहे. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मे होईल असे वाटते. पण ते एक अष्टमांश होते. भार नुसता सव्वापट झाला तरी १.२५ चा घन जवळजवळ २ येतो, म्हणजे आयुष्य निम्म्यावर येते. 'आणखी थोडा आवळ' यातील ते 'थोडे' किती महाग असते ते यावरून दिसेल. वर्षभराने पाणीपंप गळू लागतो तेव्हा दोष पंपाच्या नावावर पडतो. आवळणारा हात कोणाच्या लक्षातही नसतो.

तेव्हा योग्य ताण कोणता? जास्तीत जास्त ओढ असतानाही पट्टा घसरणार नाही असा कमीत कमी ताण, तो योग्य ताण. ही व्याख्या मला फार आवडते. तिच्यात 'जास्तीत जास्त' आणि 'कमीत कमी' हे दोन्ही शब्द आहेत आणि 'भरपूर' हा शब्द नाही.

अंगठ्याचे माप

हा ताण मोजायचा कसा? अर्थात इंजिन पूर्ण बंद आणि थंड असताना. दोन पुलींमधील पट्ट्याचा सर्वांत लांब मोकळा भाग घ्यायचा. त्याच्या मधोमध ठरावीक जोर लावायचा आणि पट्टा किती मिलिमीटर दबतो ते मोजपट्टीने पाहायचे. व्ही-पट्ट्यांसाठी कारखान्यांतून चालत आलेला नियम असा की १०० मिलिमीटर मोकळ्या लांबीमागे १.६ मिलिमीटर दाब धरायचा आणि तेवढा दाबायला किती जोर लागतो, ते पट्ट्याच्या तक्त्याशी ताडून पाहायचे. मोटारीच्या पुस्तिकेत हेच सोपे करून दिलेले असते. अंगठ्याने सुमारे १० किलोग्रॅम जोर लावला असता पट्टा अमुक मिलिमीटर दबावा, असे तेथे सांगितलेले असते. नव्या पट्ट्यासाठी हा आकडा कमी असतो, वापरलेल्यासाठी थोडा जास्त.

पण १० किलोग्रॅम म्हणजे किती, हे अंगठ्याला कसे कळणार? यासाठी तुम्ही वर्गात एक गंमत करा. वजनकाट्याचा आकडा दिसणार नाही असा झाकून ठेवा आणि पाच-सहा मित्रांना अंगठ्याने '१० किलो' दाबायला सांगा. प्रत्येकाचे वाचन लिहा. मग काटा उघडा ठेवून दहा-दहा वेळा सराव करा आणि पुन्हा झाकून पाहा. पहिल्या वेळच्या आणि सरावानंतरच्या आकड्यांतला फरक स्वतःच पाहा. अनुभवी मिस्त्रीचा अंगठा बरोबर सांगतो, कारण तो कधीतरी मापाशी ताडून पाहिलेला असतो. ज्याने कधीच ताडून पाहिले नाही, त्याचा अंगठा वीस वर्षे एकच चूक करीत राहू शकतो.

पट्टा बदलण्याची रीत

पट्टा बदलण्याचे काम मोठ्यांनी करायचे आहे. पण त्यातील क्रम तुम्ही समजून घ्यावा असा आहे. किल्ली काढून घेतली जाते आणि बॅटरीची ऋण तार सोडवली जाते. अल्टरनेटर एका बोल्टावर झुलतो आणि लांबट खाच असलेल्या पट्टीत दुसऱ्या बोल्टाने अडकवलेला असतो. दोन्ही बोल्ट पान्याने ढिले करून अल्टरनेटर इंजिनकडे ढकलला की पट्टा हाताने निघतो. येथे घाई करणारे अल्टरनेटर न ढकलता स्क्रूड्रायव्हर घालून नवा पट्टा पुलीवर चढवतात. त्याने पट्ट्याच्या आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा लवकर जातो.

जुना पट्टा फेकण्यापूर्वी तो वाचायला हवा. बाजू चकचकीत असतील तर तो घसरत होता. एकच बाजू झिजली असेल तर पुल्या एका रेषेत नाहीत. रबर फुगून मऊ झाले असेल तर कुठून तरी तेल गळत आहे. खाचेचा तळ चमकत असेल तर पट्टा किंवा पुली झिजून पट्टा तळाला टेकत होता, म्हणजे पाचरीचा गुण संपला होता. मग पुल्यांवर सरळ पट्टी धरून त्या एका रेषेत आहेत का हे पाहायचे आणि प्रत्येक पुली हाताने फिरवून बेअरिंग खरखरते का ते ऐकायचे. हे न करता नवा पट्टा घातला तर जुन्याचा रोग नव्याला होणार, हे उघड आहे. शेवटी पट्टा बसवून, अल्टरनेटर लाकडी दांड्याने त्याच्या पुढच्या भक्कम भागावर रेटून, बोल्ट आवळून दाब मोजायचा. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो आणि थोडा ढिला होतो. म्हणून इंजिन काही वेळ चालवून, बंद करून, ते थंड झाल्यावर पुन्हा मोजायचे. हे दुसरे मोजमाप बहुतेक ठिकाणी टळते. 'एकदा बसवला ना, झाले!' असे म्हणून आपण मोकळे होतो.

नव्या गाड्यांत काय?

कोणी म्हणेल, हे सगळे आता जुने झाले. काही अंशी ते खरे आहे. १९७९ च्या फोर्ड मस्टँग गाडीपासून एकच लांब, रुंद आणि अनेक उभ्या कण्यांचा पट्टा सर्व यंत्रांभोवती नागमोडी फिरवण्याची पद्धत रूढ झाली. अशा गाड्यांत स्प्रिंगचा ताणक स्वतःच ताण राखतो. पण ती स्प्रिंगही थकते आणि तो ताणकही तपासावा लागतो. या पट्ट्यांचे रबरही बदलले. पूर्वीच्या निओप्रीनच्या पट्ट्यांना भेगा पडत, म्हणून भेगा मोजून पट्टा बदलण्याचा सल्ला दिला जाई. नंतरच्या ई.पी.डी.एम. या रबराला सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरसारखे हळूहळू झिजते. 'भेगा नाहीत, म्हणजे पट्टा चांगला' असे म्हणणारा मिस्त्री कालचे ज्ञान आजच्या पट्ट्याला लावतो. आता खाचांची खोली छोट्या मापकाने मोजावी लागते.

या पट्ट्यांच्या आवाजाची एक परीक्षा मला विशेष शिकवणारी वाटते. जाणकार मिस्त्री चालू पट्ट्याच्या कण्यांवर दुरून थोडे पाणी शिंपडतो. आवाज वाढला तर पट्टा घसरत आहे, म्हणजे ताण कमी आहे. आवाज काही क्षण नाहीसा होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. साबण लावणाराही आवाज बंद करतो आणि हाही कधी कधी करतो. पण एकाला आवाज नकोसा आहे, तर दुसऱ्याला त्याचे कारण हवे आहे. विज्ञानाची वृत्ती म्हणतात ती ही.

विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंजिनच नसते, म्हणून असा पट्टाही नसतो. तरी पिठाची गिरणी, मळणी यंत्र, रसवंतीचा चरक, धुलाई यंत्र आणि गिअर नसलेली स्कूटर यांत पट्टे आहेत आणि बरीच वर्षे राहतील.

माझे म्हणणे

आपल्या शाळांत घर्षण विज्ञानाच्या तासाला शिकवतात आणि पाना-पक्कड असलीच तर कार्यानुभवाच्या तासाला हाती येते. दोन्ही तासांची एकमेकांशी ओळखही नसते. त्यामुळे घर्षणाची व्याख्या पाठ असलेला मुलगा पट्ट्याला साबण लावताना पाहून गप्प बसतो आणि पट्टा बसवणाऱ्या मुलाला आपण विज्ञान करीत आहोत हे कोणी सांगत नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो काम करता करता शिकावे याच विचाराने. असा आश्रम प्रत्येक गावी निघणे कठीण आहे. पण प्रत्येक शाळेत एक जुनी पुली-जोडी, एक पट्टा, एक मोजपट्टी आणि एक ताणकाटा ठेवणे मुळीच कठीण नाही. परीक्षेत 'घर्षणाचे तोटे लिहा' या प्रश्नाबरोबर 'हा पट्टा योग्य ताणाचा आहे का, मोजून सांगा' असा प्रात्यक्षिक प्रश्न आला तर मला फार आनंद होईल.

एक ताकीद मात्र कळकळीने देतो. चालू यंत्राच्या पट्ट्याजवळ कधीही हात नेऊ नका. ओढणी, पदर, सैल बाही किंवा मोकळे केस पट्ट्यात अडकून भयंकर अपघात झालेले आहेत. पट्ट्याची पकड किती जबर असते, ते तुम्ही वर वाचलेच आहे. ती पकड माणूस आणि पंप यांत फरक करीत नाही. मोटारीच्या इंजिनला मोठ्या जाणत्या माणसाशिवाय हात लावू नका.

तुमच्या गावात पिठाची गिरणी असेल. दळण घेऊन जाल तेव्हा दाराशी उभे राहून पट्ट्याकडे पाहा. त्याची कोणती बाजू ताठ आहे आणि कोणती थरथरते? लहान पुलीभोवती तो किती भाग वेढतो? मग गिरणी बंद झाली की गिरणीवाल्या काकांना विचारा, "काका, पट्टा किती आवळायचा हे तुम्ही कसे ठरवता?" त्यांचे उत्तर वहीत लिहून ठेवा आणि वर सांगितलेल्या व्याख्येशी ताडून पाहा. काका कदाचित तुम्हाला नवे काही शिकवतील, कदाचित तुम्ही त्यांना. दोन्ही घडले तर उत्तमच.